नैवेद्याच्या आधीचा मोदक

बाळाला अंघोळ कशी घालायची ते मला येत नव्हतं. सांगायलाच लाज वाटते, पण नव्हतं येत. माझी आई मी लहान असतानाच गेली, आणि सासूबाई नगरकडे गावाला, त्यांचे गुडघे धरलेले, त्यांना कुठला चढवतोय घाटकोपरचा डोंगर. म्हणून बाळंतपण इथंच झालं, म्युनिसिपालटीच्या दवाखान्यात, आणि घरी आणलं तेव्हा बाळ हातात घेऊन मी नुसती उभी, कुठे ठेवू, कसं धरू, मान तर अशी लटपटत होती की मला वाटलं माझ्याच हातून काहीतरी होणार.

तेव्हा शेजारच्या काकी आल्या. त्यांच्या आणि आमच्या खोलीत नुसता एक पत्रा. मालवणकडच्या त्या. काका गिरणीत होते, पण गिरणी बंद पडून बरेच दिवस झाले होते, काका दारात बसून एकच पेपर दिवसभर वाचायचे, आणि काकी डोंगराखाली सोसायटीत पोळ्या लाटायला जायच्या. पोळ्या लाटून आल्या की पदर खोचून सरळ माझ्या मोरीत. पाटावर बसायच्या, साडी गुडघ्याच्या वर, पाय लांब, आणि बाळ त्या पायांवर पालथं. तेल, मग डाळीचं पीठ, मग तांब्याने पाणी, असं धबाधबा की मी डोळे मिटून घ्यायची. बाळ मात्र रडायचं नाही, साहेबासारखं पडून राहायचं. मग कोरडं करून ओव्याची धुरी, टाळूवर तेल, आणि शेवटी काजळाच्या डबीत बोट घालून गालावर तीट.

ती तीट मी पुसायची.

काकी गेल्या की पदराचं टोक थुंकीने ओलं करायचं आणि पुसायचं. आमच्या चर्चच्या बायांच्या सभेत पाळकसाहेबांच्या बायकोने, पाळकीणबाईंनी, सांगितलं होतं की तीट नाही, काळा दोरा नाही, लिंबू-मिरची नाही, आपलं बाळ देवाच्या हातात आहे, ते काजळाच्या हातात देऊ नका. आम्ही ख्रिस्ती, आजोबा-पणजोबांपासून, पण गावाकडे सगळं मिळून-मिसळून चालायचं, कोण कुणाला विचारतंय. इथं मुंबईला आल्यावर पाळकीणबाई सगळं नीट शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून, सांगायच्या, काय करायचं, काय नाही, आणि तसं चाललं तर घरावर आशीर्वाद राहतो. मी चौथीपर्यंत शिकलेली. दुसऱ्या बायका शास्त्र काढून भराभर वाचायच्या, मला पान सापडेपर्यंत त्यांचं वाचून झालेलं असायचं. मग मला जे कळलं ते मी घट्ट धरून ठेवायची, सुटलं तर परत सापडणार नाही म्हणून. आणि भीती तर होतीच. एखादी गोष्ट चुकली आणि देवाने बाळावरचा हात काढला तर?

असंच एकदा त्यांनी मूर्तीपुढे ठेवलेल्या अन्नाचं सांगितलं. की ते आपण खात नाही. एवढंच माझ्या डोक्यात राहिलं, त्याच्या पुढे-मागे काय होतं ते नाही राहिलं.

आणि त्याच आठवड्यात काकी डिंकाचे लाडू घेऊन आल्या. मला दूध कमी येत होतं. बाळ ओढ-ओढ ओढायचं आणि मग रडायचं, लाल होईपर्यंत, आणि मीही त्याच्याबरोबर रडायची. काकींनी पत्र्याआडून ऐकलं असणार. गिरणी बंद, घरात तेलाचे वांधे, आणि ह्या बाईने कुठून तूप आणलं, कुठून खोबरं, डिंक, देव जाणे. स्टीलच्या डब्यात गच्च भरलेले लाडू. झाकण काढलं तर वासानेच माझ्या तोंडाला पाणी सुटलं. आणि काकी मोठ्या कौतुकाने म्हणाल्या की पहिला देवाक ठेवला, मग तुझा डबा भरला. त्यांच्याकडे रीतच ती, काहीही केलं तरी पहिलं देवापुढे.

तिथंच मी अडकले.

दिवसभर तो डबा फळीवर. मी त्याच्याकडे बघायची आणि तो माझ्याकडे. भूक तर अशी, बाळंतिणीची भूक कशी असते ते बाळंतिणीलाच ठाऊक. ह्यांना विचारावं तर हे म्हणणार, खा गं गुपचूप, आणि मग पाप दोघांना. सकाळी लवकर उठले, सगळे लाडू वर्तमानपत्रात बांधले आणि चाळीच्या मागे जाऊन नाल्यात टाकले. डबा घासला. आपल्यात रिकामा डबा परत देत नाहीत, म्हणून त्यात मूठभर साखर घातली आणि दिला.

काकी खूश. म्हणाल्या, एवढ्यात संपले? बरं झालं, आता बघ कसा पान्हा फुटतो. आणि चार दिवसांनी परत तोच डबा, परत भरलेला.

परत मी नाल्यावर गेले. परत साखर घातली.

नको म्हणावं, असं मला सुचलंच नाही असं नाही. सुचलं होतं. पण नको म्हटलं तर काकी विचारणार का नको, मग सांगावं लागणार, मग त्या रागावणार, मग अंघोळ कोण घालणार. फेकणं सोपं होतं. फेकताना कुणी विचारत नाही.

त्याच सुमारास बायांची सभा आमच्या खोलीत ठरली. सभा दर महिन्याला एकेकीच्या घरी असायची, आणि माझी ही पहिली पाळी. मला रात्रभर झोप नाही, इतक्या बायका बसणार कुठे, कप कुठून आणू. काकींनी सतरंजी दिली, कप दिले, आणि माझ्या स्टोव्हची वात काजळी धरते म्हणून चहाही त्या त्यांच्याच खोलीत करणार म्हणाल्या. तू बस गो तुझ्या बायकांत, असं म्हणून कप विसळत होते तर मला मोरीतून बाहेरच काढलं.

गाणी झाली, प्रार्थना झाली, आणि मग साक्ष. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, आमच्यात सभेत एकेकीने उठून सांगायचं असतं की ह्या महिन्यात देवाने माझ्यासाठी काय केलं, किंवा मी देवासाठी कशी उभी राहिले. दुसऱ्या बायकांच्या साक्षी काय एकेक असायच्या. कुणाच्या नवऱ्याची दारू सुटली, कुणाचं पोर तापातून उठलं. आणि मी दर वेळी उठून म्हणायची, देवाने सांभाळलं, आणि बसायची. कुणी वर बघायचंसुद्धा नाही. त्या दिवशी मला वाटलं, आपल्या घरात सभा आहे, आज तरी आपल्याकडे काहीतरी असावं. आणि होतं की माझ्याकडे.

मी उठले आणि सांगितलं. की शेजारणीने मूर्तीपुढचे लाडू आणून दिले, मला भूक लागली होती, दूध येत नव्हतं, पण मी त्यातला कणसुद्धा तोंडात घातला नाही, उचलले आणि नाल्यात टाकले. एक बाई म्हणाली, स्तुती असो. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मला अंगात काहीतरी चढल्यासारखं झालं आणि मी आणखी पुढे गेले, की ज्या घरात प्रभू आहे त्या घरात असलं अन्न रात्रभरही राहू शकत नाही. खरं तर ते राहिलं होतं, फळीवर, रात्रभर. पण बोलत सुटलं की मला थांबता येत नाही.

आमच्या दाराला पडदा होता. बोलता बोलता माझं लक्ष खाली गेलं आणि पडद्याखाली मला पाय दिसले. काकींचे पाय, रोज माझ्या बाळाखाली असतात तेच, टाचांना भेगा.

काकी आत आल्या. हातात ट्रे. कुणाला काही कळलं नाही, ती शेजारीण हीच म्हणून, फक्त पाळकीणबाई माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. काकींनी एकेकीला वाकून कप दिला, सगळ्यांत शेवटी मला, आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, "साखर कमी वाटली तर सांग हां. आणि पी निर्धास्त, चहा काय मी देवापुढे ठेवून आणलेला नाय."

आणि गेल्या.

बायकांनी एकमेकींकडे बघितलं. मग कुणीतरी फूफू करत चहा प्यायला लागलं. मी कप तसाच धरून बसले, मला तो खाली ठेवायलाही सुचेना.

सगळ्या गेल्यावर पाळकीणबाई मागे थांबल्या. मला वाटलं आता त्या म्हणतील, धीर धर, देवासाठी सोसलंस. त्यांनी चपला पायात घातल्या आणि विचारलं, बाळाला अंघोळ घालते ती हीच ना? मी मान हलवली. मग त्या म्हणाल्या, "अगं, नको होतं तर नको म्हणायचं होतंस. नको म्हणायची भीती वाटली आणि फेकायची नाही वाटली?"

दुसऱ्या दिवशी काकी आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. भांडण असं काहीच नाही बरं का. नळावर माझी कळशी आली की त्या आपली बाजूला सरकवायच्या, पण वर बघायच्या नाहीत, आणि काकींसारखी बाई काहीच बोलत नाही म्हणजे काय असतं ते मला विचारा. ह्यांना सांगितलं तर हे आधी हसले, म्हणाले तू तर एकदम प्रचारकच झालीस की, आणि मग माझं तोंड बघून म्हणाले, जा, चार शब्द बोलून ये. मी म्हटलं उद्या जाते. रोज उद्या जाते.

आणि बाळाची अंघोळ राहिली. मी एकदा घालायला बसले, पाय लांब करून, अगदी त्यांच्यासारखी, पण साबणाने बाळ असं सुळकन सरकलं की माझी किंकाळीच फुटली. त्यानंतर मी ओल्या फडक्यानेच पुसत राहिले. पण लहान बाळाच्या मानेला वळ्या असतात, त्यात दूध जातं, घाम जातो, तिथं हात घालायला मला भीती. आठवडाभरात मान लालभडक झाली, कातडं सोललं, वास यायला लागला, आणि बाळ मान हलवली की कळवळायचं. मला एकच दिसायला लागलं, देवाने हात काढला.

पुढचा रविवार प्रभुभोजनाचा, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा. आमची उपासना डोंगराखाली शाळेच्या हॉलमध्ये भरायची, पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचं. भाकर द्यायच्या आधी पाळकसाहेब दर वेळी सांगतात की कुणाच्या मनात तुमच्याबद्दल काही असेल तर आधी जा, त्याच्याशी समेट करा, मग या. आणि हेही सांगतात की जो तसाच खातो तो स्वतःवर दंड ओढवून घेतो. दर महिन्याला सांगतात. दर महिन्याला सगळे माना खाली घालून ऐकतात आणि कुणी उठत नाही, मीही कधी उठले नव्हते. त्या दिवशी ताट पुढच्या बाकावर आलं, बाळ माझ्या मांडीवर, त्याची ती मान माझ्या डोळ्यापुढे, आणि मी उभीच राहिले.

ह्यांनी पदर धरला. कुठे चाललीस म्हणाले. मी म्हटलं काकींकडे. हे म्हणाले, आत्ता?

"आत्ताच सांगितलं ना त्यांनी," मी म्हटलं.

लोकांना वाटलं बाळाने घाण केली असेल. बायकांनी पाय बाजूला घेऊन मला वाट दिली.

डोंगर चढताना मी कुठेही थांबले नाही. पायऱ्या, मग कच्चा रस्ता, मग परत पायऱ्या, बाळ रडतंय, मला धाप लागलेली. आणि डोक्यात सारखं हेच, की मी खरंच देवाने सांगितलं म्हणून चाललेय, का अंघोळ घालायला कुणी नाही म्हणून? आजही मला ते नक्की सांगता येत नाही.

काकी दारात बसून मांदेली, ते बारके मासे, साफ करत होत्या. मला तशी बघून त्या दचकल्या, विळी बाजूला सारली. "काय झाला बाळाक?"

मला बोलताच येईना. त्या म्हणाल्या, आधी श्वास घे. मी श्वास घेतला आणि म्हटलं, "काकी, लाडू मी टाकले."

"ठाऊक आसा. ऐकलंय की. अख्ख्या सभेने ऐकलंय."

"दोन्ही वेळचे."

हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. साक्षीत मी एकदाच म्हटलं होतं. त्यांना वाटलं असणार दुसऱ्या वेळचे तरी खाल्ले. काका आत पेपर वाचत होते, त्यांचा पेपर खाली आला. काकींनी एक मांदेली उचलली आणि तशीच परत ठेवली.

"आणि ती साखर?"

"रिकामा डबा कसा द्यायचा म्हणून."

"नाल्यात टाकलेस. निदान खालच्या काळ्या कुत्रीला तरी घालायचेस गो. व्यायलीय ती. तिला तरी दूध आला असता."

आत काका हसले. मला हसावं की रडावं कळेना, मी रडले. म्हटलं मला माफ करा. तर म्हणाल्या, माफ करूक मी काय तुझा येशू? आणि उठल्या, राखेने हात घासले, वास घेतला, परत घासले, आणि बाळ माझ्या हातातून घेतलं. मान बघितली. मग मात्र मला जे काही ऐकवलं ते लिहिण्यासारखं नाही. लाडवांबद्दल एक शब्द नाही, सगळं त्या मानेबद्दल. की एवढा राग होता तर दारावर थाप मारायची, पोराचे हाल कशाला केलेस. राग माझा नव्हता, त्यांचा होता, पण हे सांगायला माझ्याकडे तोंड कुठे होतं.

त्यांनी त्यांच्याच मोरीत अंघोळ घातली. मानेच्या एकेक वळीत बोट घालून, हळूहळू, गुणगुणत. बाळ आधी ओरडलं, मग ओळख पटल्यासारखं गप्प पडून राहिलं. पुसून झालं, खोबरेल लावलं, आणि सवयीने त्यांचा हात फळीवरच्या काजळाच्या डबीकडे गेला. झाकण उघडलं. बोट टेकवलं. आणि मग थांबल्या आणि ते बोट स्वतःच्याच साडीला पुसलं.

मी म्हटलं, लावा काकी.

"नको. मी गेल्यावर पुसत बसशील."

म्हणजे त्यांना ते पहिल्यापासून माहीत होतं. रोज दुसऱ्या दिवशी गाल कोरा बघायच्या, आणि रोज काही न बोलता परत लावायच्या. मला त्या मोरीच्या खड्ड्यात जावंसं वाटलं.

त्यानंतर काकी परत रोज यायला लागल्या. पण खाणं येईना. चटणीची वाटीसुद्धा नाही. मी मनात म्हटलं बरोबरच आहे, आता कोण देईल मला.

मग गणपती आले. काका-काकी दरवर्षी गावी जायचे, भावकीचा गणपती तिथं. त्या वर्षी गिरणी बंद, जाणार कशाने, म्हणून इथंच भिंतीवरच्या तसबिरीला हार घातला आणि नैवेद्य केला. सकाळपासून पत्र्याआडून वास येत होता, नारळाचा, गुळाचा, वेलचीचा. मी बाळाला पाजत बसले होते. आणि मला काकांचा आवाज ऐकू आला, पत्रा काय, सगळं येतं ऐकू. काका म्हणत होते, "आधी देवाक दाखव. दाखवल्याशिवाय कोणाक देतत काय? तुका कळता काय?"

आणि काकी म्हणाल्या, "तिच्या अंगावर पोर पिता. दाखवलेलो तिका चालत नाय. देव थांबात."

मग पडदा हलला आणि काकी आत आल्या. ताटलीत दोन मोदक, वाफ निघत होती. माझ्यापुढे ठेवले. म्हणाल्या, "हे पहिल्या घाण्यातले. अजून कोणाक दाखवलेले नायत. खा."

ज्यांना हे माहीत नाही त्यांना कळणार नाही त्या बाईने काय केलं. नैवेद्य दाखवायच्या आधी त्यांच्यात घरातल्या लहान पोरालासुद्धा बोट लावू देत नाहीत. वास घेतला तरी हातावर फटका बसतो. मला माझा नेम मोडता आला नव्हता, भीतीने. त्यांनी त्यांचा मोडला, आणि नवऱ्याशी भांडून, आणि तोही देवाच्या समोर उभं राहून. माझा नेम राहावा म्हणून.

मला म्हणायचं होतं, काकी, आधी दाखवून आणा, मी खाईन. पण ते ओठावर आलं आणि तिथंच राहिलं, कारण मी खाल्लं असतं का हे मला खरंच माहीत नव्हतं. अजूनही नाही. पाळकीणबाईंना मी विचारलं नाही. शास्त्र उघडून बघेन म्हणते, पण मला पान सापडत नाही, आणि सापडेल याचीही भीती वाटते.

मी खाल्ला. जीभ भाजली. काकी दारातच उभ्या होत्या, मी घास गिळते का बघत. दुसरा खाल्ला. मग त्या गेल्या आणि पत्र्यापलीकडे घंटी वाजायला लागली, काकांचा आवाज थोडा रागातच, आणि आरती सुरू झाली. त्यांच्या देवाचा नैवेद्य माझ्या नंतर होता. मी तोंड पुसलं आणि बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं आणि मला मान वर करवेना, खोलीत कुणी नव्हतं तरी.

संध्याकाळी ताटली घासली. हात साखरेच्या डब्यात गेला, मूठ भरली, आणि मला तो स्टीलचा डबा आठवला. मूठ परत सोडली. ताटली तशीच घेऊन गेले, एका हातात ताटली, एका हातात बाळ.

"रिकामी आणली काकी," मी म्हटलं. "दोन्ही खाल्ले."

काकींनी ताटली उजेडात धरली, उलटी केली, सुलटी केली. "दिसता तर खरा," म्हणाल्या. "चाटलंस सुद्धा वाटता." आणि ताटली फळीवर ठेवून बाळाला घ्यायला हात पुढे केले.